हिरव्या खड्याचं पाणी

बारामती

पुण्याहून कुणी विहीर बघायला इंदापूर तालुक्यात जातं का, असं माझ्या भावानं विचारलं, तेव्हा मी पिशवीत स्वेटर कोंबत होते. "मी जाते," एवढंच म्हटलं आणि निघाले.

आमचं खड्यांचं दुकान आहे. वडिलांच्या पाठीमागे भाऊ गल्ल्यावर बसला आणि मी भिंग घेऊन मागच्या टेबलाशी बसले. भावाला माणसं कळतात, मला खडे. त्याचं म्हणणं असं की मी खडा बघायला लागले की माझी समाधी लागते आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं. यात थोडं तथ्य आहे.

या वेळी समाधी फोटोवरच लागली. बारामतीचे एक जुने सराफ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी तो पाठवला होता. मातीनं भरलेले दोन तळवे, त्यांत पांढऱ्याशुभ्र केसरांची गादी आणि गादीतून उभी राहिलेली हिरवी टोकं. पाचूचा हिरवा नव्हे. उन्हात धरलेल्या कोवळ्या पानाच्या पाठीचा हिरवा. आपल्या या काळ्या खडकाच्या पोटात कधीकधी पोकळी असते आणि त्या पोकळीत कुणाला न विचारता असे स्फटिक वाढत बसतात. शास्त्रात त्याला अपोफिलाइट म्हणतात, गावात गारगोटी. विहिरीत सुरुंग लावल्यावर फोटोतला हा खडा एका शेतकऱ्याच्या सुनेला, रेखाला, सापडला होता. गळ्यातलं करायला ती अण्णांकडे येई, म्हणून फोटो त्यांच्याकडे गेला.

मी रेखाला फोन लावला आणि आमच्या धंद्यात बोलतात तसं बोलून गेले, "पाणी उत्तम आहे. जपा." खड्याचा आरपारपणा आणि त्याच्या आतला उजेड, याला आम्ही पाणी म्हणतो. रेखा म्हणाली होती, "विकायचाच हाय, ताई. मामंजी म्हनले, तुला गावला, तुझा. मला रोपवाटिका घालायचीया. मिरची, वांगी, टोमॅटो, समद्यांची रोपं हितं बाहेरनं येत्यात. घरात अजून कुनाला बोलले न्हाय."

मग मधे दोन दिवस शांतता, आणि नंतर तिचाच फोन. "ताई, जरा घोटाळा झालाय. फोनवर न्हाय सांगता येत. तुमी या."

एसटीत खिडकीशी बसून मी झोपेत आणि जागेपणी तो हिरवा रंग बघत होते. बारामतीत उतरले ती थेट अण्णांच्या पेढीवर. चहा आला. साखर कमी घाला म्हणायचं धाडस मी साखर कारखान्यांच्या मुलखात करत नाही, लोकांना तो स्वतःचा अपमान वाटतो. ओठ चिकटतील असा तो चहा प्यायले.

अण्णांना बाजाराविषयी बोलायला आवडतं. "पूर्वी माणसं पत्रिका घेऊन यायची, ताई. गुरू बिघडलाय, पुष्कराज द्या. आता मोबाइल घेऊन येतात. परदेशातला भाव मलाच दाखवतात."

"आणि हिरा?"

"प्रयोगशाळेतला हिरा आला आणि हिऱ्याचा तोरा गेला. हुबेहूब तोच, किमतीला निम्म्याहून कमी. आता लग्नातला हिरा परत आणून किती येतील विचारतात, तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडते."

मी सांगितलं की न तापवलेलं माणिक आणि नीलम मात्र चढतच आहेत, कारण खाणी आटल्यात आणि लोकांना भट्टीत न गेलेला रंग हवाय. मग गाडी गारगोटीवर आली. आमच्या वडिलांच्या काळात हे स्फटिक खडीच्या ढिगात जायचे. रस्त्याखाली काय काय चिरडलं गेलं असेल या विचारानं मला अजून हळहळ वाटते. आता जगभरचे हौशी लोक ते काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवतात. पांढऱ्याचा भाव बसलाय, कारण माल फार झाला. हिरव्याचा चढता आहे, कारण तो क्वचित निघतो. पण कुठल्याशा विहिरीत उद्या मोठी पोकळी फुटली आणि हिरवा गाडीभर निघाला, की हाही बसेल.

"म्हणजे कांद्यासारखंच की," अण्णा म्हणाले.

"कांद्याहून वाईट. पडलेल्या भावाचा कांदा निदान खाता येतो."

अण्णा मनापासून हसले. त्या रात्री त्यांच्याच घरी पिठलं-भाकरी खाऊन झोपले. स्वप्नात मी एका हिरव्या घरात राहत होते आणि घराला दार नव्हतं.

भवानीनगरच्या वाटेवर

पहाटेचं धुकं उसावर बसलं होतं. एसटी जशी पुढे जाई तसा ऊस दोन्ही बाजूंनी जवळ येई, आणि मधूनच धुक्यातून बैलाची शिंगं, मग बैल, मग मोळ्यांनी लादलेली गाडी आणि मोळ्यांवर बसून चूळ भरणारी बाई असं सगळं एकामागून एक उमटे. भवानीनगर जवळ आलं तसा साखर कारखान्याच्या मळीचा वास आला. पहिल्यांदा नाक मुरडावंसं वाटतं, मग त्या आंबटगोड वासाची गुंगी येते. मला आली. रेखानं सांगितलेला फाटा मागे गेला आणि कंडक्टरनं हाक मारली तेव्हा मी पुढच्या थांब्याच्याही पुढे होते.

"कुठल्या तंद्रीत हायसा, मावशी?" तो म्हणाला. खड्यांच्या, असं सांगितलं असतं तर त्यानं मला डॉक्टरकडं उतरवलं असतं.

उतरून उलटी चालत निघाले. ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईनं काही न विचारता कोयत्यानं एक कांडं तोडून माझ्या हातात दिलं. पुण्यात अनोळखी माणसाला आपण वेळसुद्धा सांगताना जरा आखडतो. मी ते कांडं खात, हात चिकट करून, रस्त्याच्या कडेनं शाळकरी मुलीसारखी चालले. धुकं विरत होतं. उसाच्या पात्यांवरचं दव उन्हात एकदम पेटलं आणि सबंध शिवार तासलेल्या काचेचं झालं. याचा भाव काय लावायचा, असा प्रश्न मनात आला आणि माझं मलाच हसू आलं.

फाट्यावर रेखा स्कूटर घेऊन उभी होती. तिशीची, सडपातळ, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. हसली, पण डोळे हसत नव्हते.

"आधी घोटाळा सांग," मी मागे बसता बसता म्हटलं.

तिनं स्कूटर चालू केली नाही. समोर बघतच म्हणाली, "तुमी फोनवर म्हनलात ना, पानी उत्तम हाय, जपा. फोन स्पीकरवर हुता. सासूबाईंनी तेवढंच ऐकलं, पुढचं मी अंगनात जाऊन बोलले."

"मग?"

"विहिरीला तवर पानी लागलं नव्हतं, ताई. घरात समदे घायकुतीला आलेले. आनि तुमी पुण्याची जानकार बाई, तुमी म्हनताय खड्यात पानी हाय. त्यात त्या खड्याला सात टोकं. सासूबाई म्हनल्या, ह्या तर सातीआसरा, पान्याच्या सात देवी. दुसऱ्या दिवशी विहिरीच्या काठावर नेऊन बसवल्या. तेल-शेंदूर लावला. आनि तिसऱ्या दिवशी…"

"पाणी लागलं," मी म्हटलं.

"व्हय. बोटभर न्हाय, हाताएवढा झरा. आता तो खडा तितनं हलवायचा कसा?"

तेल-शेंदूर ऐकून मला पहिली काळजी वाटली. खड्याची, खोटं कशाला सांगू. मग रेखाच्या रुमालाच्या गाठीकडे लक्ष गेलं. ती गाठ तिनं इतकी आवळली होती की बोटांची टोकं पांढरी झाली होती, आणि मला माझ्या जिभेचा राग आला.

विहीर

रेखाचा नवरा लोणी देवकरला कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. घरी होते तिचे सासरे तात्या आणि सासूबाई, ज्यांना गावभर आक्का म्हणतात. आक्का ठेंगण्या, कपाळावर मोठं कुंकू, नऊवारीचा काष्टा घट्ट. त्यांनी माझे चिकट हात बघितले आणि तांब्याभर पाणी पुढे केलं.

"धुवा. आपल्या विहिरीचं हाय. तुमच्या तोंडच्या शब्दाचं पानी."

मी खाली मान घालून हात धुतले.

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती, झणझणीत, वर कच्चं तेल. आमच्याकडे पाहुणा म्हटलं की गोड करतात, इथं पाहुण्याचं नाक वाहिल्याशिवाय जेवण झालं असं मानत नाहीत. तात्यांनी चौकशी केली, "परदेशात लोक गारगोटी घरात ठिवत्यात म्हनं. पुजा करत्यात का?"

"पूजा नाही. नुसतं बघतात."

"नुसतं बघत्यात," तात्यांनी ते आक्कांना समजावल्यासारखं पुन्हा सांगितलं आणि दोघांनाही त्या लोकांची दया आली.

मग आम्ही विहिरीवर गेलो. दगड उचलणारी यारी अजून काठावर मान वाकवून उभी होती. विहीर रुंद, काळी, आणि खोल तळाशी हिरवट पाणी हलत होतं. पश्चिमेच्या भिंतीतून झरा पडत होता, त्याचा आवाज विहिरीतून गोल फिरून वर येई. काठावर तीन दगडांचा कोनाडा, आणि त्यात तो खडा.

फोटोनं काहीच सांगितलं नव्हतं. दुपारचं तिरपं ऊन कोनाड्यात शिरलं होतं आणि सातही टोकं आतून उजळली होती. उजेड त्यांच्यात शिरून थांबला होता, बाहेर पडायची त्याला घाई नव्हती. टोकांच्या माथ्यावर शेंदूर, बुडाशी झेंडू. मी गुडघ्यांवर बसले आणि भिंग लावलं. लांबून बघणाऱ्याला मी पाया पडतेय असंच वाटलं असणार. किती वेळ गेला माहीत नाही. आजवर हजारो खडे हाताखालून गेले, पण आपण दुकानदार नसतो तर बरं झालं असतं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

रेखा कानाशी वाकली. "आता काय राहिलं का त्यात?"

खालच्या पांढऱ्या केसरांत तेल उतरलं होतं. ते आता पूर्ण निघणार नव्हतं, आणि जितकं थांबू तितकं वर चढणार होतं. पण हिरव्याला ओरखडा नव्हता. मी हळूच सांगितलं, "पहिला भाव नाही. पण आजच्या आज नेला तर तुझी रोपवाटिका अजून उभी राहील."

तिनं मान हलवली. सासूकडे बघितलं, आणि पुन्हा विहिरीकडे. झऱ्याच्या आवाजासमोर तिला तोंड उघडवेना.

शेवटी मीच बोलले. "आक्का, हा खडा रेखाला द्यायचा झाला तर?"

आक्का रागावल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "माझा हाय व्हय द्यायला? ज्यांचा हाय त्यास्नी इचारू. कौल लावू."

कौल

देवाच्या दोन्ही अंगांना ओला दाणा चिकटवायचा आणि मनातलं विचारायचं. उजव्या अंगाचा दाणा आधी पडला तर हो, डाव्या अंगाचा पडला तर नाही. आक्कांनी मूठभर ज्वारी आणली, तांब्यात भिजवली आणि दोन दाणे माझ्या तळहातावर ठेवले.

"तुमी लावा, बाई. तुमाला खड्याचं कळतं."

ते दोन दाणे मी तळहातावरच फिरवत राहिले. कारण मला खरंच कळत होतं. मधल्या मोठ्या स्फटिकाची माझ्या उजव्या हाताची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. डाव्या बाजूला बारीक उभ्या रेघा होत्या आणि त्या रेघांत तेल-शेंदूर बसून ती चिकट झाली होती. उजवा दाणा आधी घसरणार, हे मी लिहून द्यायला तयार होते. दोन्ही दाणे एकसारख्या बाजूंवर लावायला जागा होती. तिथं लावले असते तर न्याय झाला असता.

मी रेखाकडे पाहिलं. तिनं डोळे मिटले होते. मी हिरव्याकडे पाहिलं. आणि उजवा दाणा गुळगुळीत बाजूवर लावला, डावा रेघांवर.

झरा पडत होता. यारीवर एक होला येऊन बसला. आक्कांचे ओठ हलत होते. दाण्यावरचं पाणी चमकत होतं, त्यात विहीर, आभाळ आणि आम्ही सगळे वाकडे होऊन मावलो होतो. मग माझ्या उजव्या हाताचा दाणा हळूच घसरला आणि झेंडूत पडला.

मी श्वास सोडला. आक्कांनी हात जोडले. "न्हाय म्हनत्यात," त्या म्हणाल्या.

"असं कसं? उजवा पडला की, आक्का!"

"तुमचा उजवा, बाई. आसरा आपल्याकडं तोंड करून बसल्यात. त्यांचं उजवं अंग तुमच्या डाव्या हाताला."

सगळं आयुष्य मी खडा माझ्या बाजूनं बघत आले. खड्यालाही आपली बाजू असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. रेखानं डोळे उघडले. ती रडली नाही, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ते मला बघवेना.

"आक्का, मी लबाडी केली," मी म्हणाले. "कुठला दाणा पडणार ते मला ठाऊक होतं. हो यावं म्हणून लावला. रेखाला रोपवाटिका घालायचीय, त्यासाठी तिला हा खडा विकायचा होता. हा कौल धरू नका."

तात्या खाकरले. आक्का माझ्याकडे बघून चक्क हसायला लागल्या.

"मंग तर पक्कंच झालं की वो! तुमी एवढी लबाडी केली, तरी त्यांनी आपलंच खरं केलं."

पण आक्कांचं हसू मधेच थांबलं. त्या सुनेकडे वळल्या. "रोपवाटिका? मला का न्हाय बोललीस?"

"न्हाय म्हनला असता तर?" रेखा म्हणाली.

"म्हनले असते. पानी कुठं हुतं तवा?" आक्का उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. विहिरीच्या उगवतीला त्यांचा स्वतःचा माळव्याचा तुकडा होता, मेथी, कोथिंबीर, चार वांगी. त्यात त्या कुणाला पाऊल ठेवू देत नाहीत, असं रेखानं वाटेत सांगितलं होतं. आक्कांनी तिकडे हात केला.

"खडा त्यांचा. पानी तुजं. आनि ह्यो तुकडाबी तुजाच. शेडनेट यील तवा यील. पेटीत माझी जुनी लुगडी पडल्यात, ती बांध वरनं. सावली सावलीच असती."

रेखा सासूच्या पाया पडायला वाकली ती तशीच तिथं बसली आणि मग मात्र रडली. मीही रडले. तात्या विहिरीत डोकावून झऱ्याकडे बघत राहिले, फार वेळ.

परतताना

दुसऱ्या दिवशी भिगवणमार्गे परतले. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरले होते. गुलाबी रेघ पाण्यावर उठे, वळे आणि पुन्हा पाण्यावर मिटे. काठावरच्या खानावळीत तळलेली चिलापी खाल्ली, काटा हिरडीत रुतला, आणि तो काढता काढता, फोटो ज्याला आधीच पाठवला होता त्या परदेशातल्या गिऱ्हाइकाचा निरोप वाचला. हिरवा किती दिवसांत मिळेल, भाव आणखी चढतोय, असं त्यानं लिहिलं होतं. विकायचा नाही, असं कळवलं. भावानं घरी आल्यावर विचारलं, "मग आणलंस काय?" मी म्हटलं, मूठभर ज्वारी. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

हिरवा अजून चढतोच आहे. त्याचे आकडे दुकानात रोज ऐकते. खडा मात्र परवा पुन्हा डोळ्यांपुढे आला. रेखानं फोटो पाठवला. बांबूंवर लुगडी ताणलेली, जांभळी, चॉकलेटी, आणि मधोमध एक विटकं हिरवं. त्याच्यातून ऊन झिरपून खाली येत होतं, आणि त्या उजेडात मिरचीची इवली रोपं ओळीनं उभी होती. अगदी तोच हिरवा. उन्हात धरलेल्या पानाच्या पाठीचा. मागे कोनाड्याचा शेंदरी ठिपका दिसत होता.

खाली तिनं लिहिलं होतं, "ताई, ह्या हिरव्याला पाणी कसं हाय?"

एकदा त्या शब्दानं केवढा घोटाळा केला होता. म्हणून या वेळी विचार करकरून लिहिलं. "पाणी उत्तम आहे. जपा."